वजन उत्तम आहे

टायरवाले काका तपासणीच्या खुर्चीतून उठू शकले नाहीत, ही घटना रुग्णालयाने अत्यंत गांभीर्याने घेतली. खुर्ची बदलण्यात आली.

दुसऱ्या खुर्चीतूनही काका उठेनात. ट्रकचं चाक एकट्याने उचलणारा हा माणूस, आतड्याच्या कर्करोगावर उपचार सुरू झाल्यापासून पाण्याची बादलीही दोन्ही हातांनी धरत होता. काकूंनी हे डॉक्टरांना सांगितलं.

"वजन उत्तम आहे," डॉक्टर संगणकाकडे बघत म्हणाले.

"अहो, ते पोटाचं! मांड्या बघा, काड्या झाल्यात नुसत्या. दोन घास खाल्ले की ताट सारतात."

"कुपोषण बारीक माणसाला होतं, काकू. हे नियमात बसत नाहीत."

पायांत जोर नाही म्हणून काकांना हाडांच्या विभागात पाठवलं. हाडं निर्दोष निघाली. त्वचा विभागाने त्वचेबद्दल समाधान व्यक्त केलं. हाडं आणि त्वचा यांच्या मधे जे काही असतं, त्याला विभागच नव्हता. आहारतज्ज्ञ बाई होत्या, पण त्या फक्त बारीक रुग्णांसाठी राखीव होत्या.

घरी मात्र आहारतज्ज्ञांची वाण नव्हती. दिरांनी साखर बंद केली, गाठ म्हणे साखरेवर जगते. नणंदेने दूध बंद केलं, विहीणबाईंनी अंडी. "उपाशी ठेवा, रोग आपोआप मरेल," असं साडूंनी सांगितलं. सांगताना ते काकांसाठी उकडलेली अंडी खात होते, वाया जाऊ नयेत म्हणून.

गाठीचं काही बिघडलं नाही. काका मात्र न्हाणीघराच्या दारात कोसळले.

"इतक्या अशक्त रुग्णाला पुढचं औषध देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आधीच का नाही सांगितलंत?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाकांची खुर्ची ढकलत त्या थेट आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत घुसल्या. "बारीक मी आहे. माझ्या नावावर यांना तपासा."

बाईंनी काकांचा दंड चाचपला, मूठ आवळायला लावली. "स्नायू झडलेत. पोट मोठं असलं की लक्षात येत नाही. आता भुकेची वाट बघू नका. दिवसभर थोडं थोडं द्या. अंडी, दूध, दाणे, साखरसुद्धा. आणि जमेल तसं रोज उठायचं, चालायचं. मळमळ थांबवायच्या औषधाचं मी डॉक्टरांशी बोलते."

काकूंनी नातेवाइकांना दार बंद केलं आणि स्वयंपाकघर उघडलं. काका कुरकुरत, कधी चिडत, कधी रडत खाऊ लागले. हळूहळू अंगात जीव आला, थांबलेलं औषध पुन्हा सुरू झालं. पोट मात्र आजारपणात ओसरलं ते ओसरलंच. एका सकाळी काकूंच्या खांद्याचा आधार घेत ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

समोरून ओळखीचे गृहस्थ आले. "अरे वा! पोट गेलं की! काय केलंत?"

"कॅन्सर," काका म्हणाले.

गृहस्थ क्षणभर चपापले. मग म्हणाले, "पण फरक छान पडलाय हं!"

या गृहस्थांना हसू नका. परवाच्या समारंभात "किती बारीक झालीस गं, गुपित काय?" असं तुम्ही जिला विचारलंत, ती तोंड उघडेपर्यंत तुम्ही जेवणाच्या रांगेत पोचला होतात.