दाजी गुरवांचा फ्रिज

कुवेतमधल्या मंगफला आमच्या इमारतीत भविष्य सांगायचं काम एका फ्रिजकडे आहे. फ्रिज दाजी गुरवांचा. दाजी मीना अब्दुल्लाच्या तेल रिफायनरीत कंत्राटी वेल्डर. वय साठीला टेकलेलं, घर देवगडकडच्या एका खेड्यात. बायको तिकडे, दाजी इकडे, अशी सव्वीस वर्षं.

दाजींच्या घराण्याकडे देवळात कौल लावायचा मान. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. कुवेतात पाषाण कुठून आणायचा? म्हणून फ्रिजच्या दारावर ग्रामदेवाचा फोटो आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक दाणा. दाजी गाऱ्हाणं घालतात, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कॉम्प्रेसर सुरू होऊन दार थरथरलं की दाजी कान टवकारतात, "देव बोलूक लागलो!"

साइटवरच्या एका स्कॉटिश साहेबाला त्यांनी हे सगळं हातवारे करून समजावलं. तो म्हणाला, माझी आजी भविष्य सांगण्याला 'स्पे' म्हणायची. झालं! दाजींच्या विद्येला परदेशी मान्यता मिळाली. तेव्हापासून जिन्यात कुणीही चिंताक्रांत दिसलं की हाक येते, "ये रे, तुझो स्पे लावया!"

मी पुण्याचा, त्यात लॅब टेक्निशियन. "व्हय म्हाराजा" मी ओठांतल्या ओठांत पुटपुटायचो. तरी बायकोचा व्हिसा अडला तेव्हा गुपचूप गेलोच. उजवा पडला. पुढे लक्षात आलं, सगळ्यांनाच उजवा पडतो. वरच्या मजल्यावरची नर्स ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "कौल बरोबर होतो गो. परीक्षा घेणारो चुकलो."

एकदा दारावर उरलेला डावा दाणा मी नखाने खरवडला. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघणारा माणूस मी. तो तांदूळ नव्हताच, शिजलेल्या भाताचं शीत होतं. शितानं आम्ही लहानपणी पाकिटं चिकटवायचो. ते कसलं पडतंय!

"दाजी, ही चक्क लबाडी आहे."

"व्हय, असा," दाजी म्हणाले. "घरापासून इतक्या लांब माणसाक डावो कौल देवन काय करूचा? त्येका रडाक कोणाची कूस तरी खय असा हय?"

मी कुणाला बोललो नाही.

गेल्या शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर दार नुसतंच लोटलेलं. दाजी एकटेच फ्रिजसमोर स्टुलावर बसलेले. कंपनीनं कंत्राट आणखी दोन वर्षं वाढवायचं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सही करायची, नाहीतर कायमचं घरी जायचं. मी फ्रिजच्या दाराकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना कच्चे तांदूळ होते. स्वतःसाठी दाजी लबाडी करणार नव्हते.

"घरी जायची इच्छा नाही?" मी विचारलं.

"माझी असा रे. तिची काय ठावक? वर्साक एक म्हयनो जातंय, पावण्यासारखो. ती माका वडे करून घालता, मी हसतंय, आणि परत येतंय. आता कायमचो गेलंय तर तिका चलात?"

"मग वहिनींनाच विचारा की."

"भिया वाटता," दाजी म्हणाले.

सगळ्या इमारतीला धीर देणारा हा माणूस. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. गॅसवर दुपारच्या भाताचा टोप होता. त्यातलं एक शीत घेतलं, डावा तांदूळ काढला आणि तिथं ते अंगठ्यानं दाबून बसवलं. दाजी बघत राहिले. अडवलं मात्र नाही.

कॉम्प्रेसर बंद होता. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. दार थरथरलं, तेव्हा मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

उजवा पडला.

दाजींनी तो उचलून रुमालाच्या टोकात बांधला, डोळे पुसले आणि घरी फोन लावला.

"ऐकतंस मां?" ते म्हणाले. "मी येतंय... पावणो म्हणान नाय."