आठल्येकाकांची सामुद्रधुनी

आठल्येकाका आले की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरतात आणि माझा गॅस बंद करतात. वर काय शिजतंय, हे बघायची पद्धत नाही. परवा वरण अर्धकच्चं राहिलं. मी ओरडले तर म्हणाले, "झाकण ठेव, नीलिमा, वाफेवर होतं. सामुद्रधुनी काय म्हणतेय ते तुला ठाऊक नाही!"

ठाऊक कसं नाही? रोज सकाळी जिन्यात तेच तर ऐकते. काका जन्मापासून कोलकात्यात. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये नोकरी झाली, आता आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच असतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी मुक्ता गॅस वाहून नेणाऱ्या जहाजावर इंजिनिअर आहे. आखातात बॉम्ब पडायला लागले आणि तिचं जहाज नेमकं होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत अडकलं. बाहेर पडायची परवानगी नाही. फोन लागला तर लागला.

पण काका मुलीचं नाव काढतील तर शपथ! बोलणार ते तेलाचं. सकाळी मासळीवाल्याला बंगालीत विचारतात, "दादा, ब्रेंट आज कोतो?" म्हणजे कच्चं तेल आज कितीला. तो बिचारा सांगतो, असला मासा आज आला नाही. मध्यंतरी त्यांनी बाल्कनीत सोलर पॅनेल टांगलं. बाल्कनी उत्तरेला. दिवसभरात एक मोबाईल धड चार्ज होत नाही. मी हसले तर म्हणाले, "सुरुवात तर झाली ना?"

खरं सांगते, मला त्यांचा वैताग यायचा. वाटायचं, म्हातारा भेदरलाय, सिलिंडर मिळणार नाही म्हणून सगळ्यांचा जीव खातोय.

गणपतीत तर कहर झाला. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नैवेद्याचे मोदक यंदा गॅसवर होणार नाहीत, असं काकांनी परस्पर ठरवलं आणि दोन इंडक्शन शेगड्या टॅक्सीत घालून आणल्या. आम्ही बायका सकाळपासून उकड मळतोय, मोदक वळतोय. मंडळाची मोदकपात्रं जुनी, पितळेची. काकांनी एक पात्र शेगडीवर ठेवलं, बटण दाबलं. शेगडीनं टीं टीं केलं आणि गप्प बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा टीं टीं.

"व्होल्टेज कमी आहे," काका म्हणाले.

"अहो काका, पितळेचं भांडं हिच्यावर चालत नाही!" मी कपाळावर हात मारला. जगाचं तेल कुठून कुठे जातं ते तोंडपाठ, आणि एवढं माहीत नसावं?

बाहेर आरतीला माणसं जमलेली. ओल्या फडक्याखाली मोदक सुकायला लागले. शेवटी मी लायटर उचलला, तर काका दोन्ही हात पसरून ओट्याच्या आडवे आले. खरंच सांगते, सत्तरी उलटलेला माणूस!

"सरका हो काका. एवढ्यानं काही सिलिंडर संपत नाही."

"सिलिंडरचं कोण रडतंय!" त्यांचा आवाज चिरकला. "आपण गॅस जाळतो म्हणून तो आणायला जावं लागतं, नीलिमा. कुणी जाळूच नका ना. मग तिला कशाला जावं लागेल तिथे?"

हा माणूस एकेका घरातला गॅस बंद करत पोरीला घरी आणायला निघाला होता, आणि मी वरणासाठी भांडत होते.

लायटर ठेवला. मंडळाच्या कपाटातून स्टीलची पातेली काढली, त्यांवर चाळण्या ठेवल्या आणि इंडक्शनवरच मोदक उकडले. निम्मे फुटले, सारण बाहेर आलं. आरतीला चांगलाच उशीर झाला.

प्रसाद वाटताना काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता तेलाचा भाव सांगणार. ते हळूच म्हणाले, "मुक्तानं जहाजावर गणपती बसवला असेल का गं?"

मला काय ठाऊक! तिथे तसलं काही चालतं की नाही, देव जाणे.

"बसवला असणार, काका," मी म्हणाले. "आणि मोदक केले असतील तर तेही फुटलेच असतील. तुमचीच मुलगी ती."

काका हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही.