गिरदावरांची तरी जमीन

हुद्द्याबरोबर माणूस मोठा होतो, हे वचन सत्य आहे. आदिलाबादेतले आमचे शेजारी पुंडलिकराव तहसिलीत गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे साहेब, झाले आणि काही वर्षांत त्यांच्या चपलेचं माप आठवरून अकरावर गेलं. अंगठ्या बोटांत रुतल्या, नाक रुंदावलं, आवाज रांजणातून आल्यासारखा घुमू लागला. दुसऱ्या कुणी याला आजार म्हटलं असतं. पुंडलिकराव बरकत म्हणत.

"पोस्टच मोठी हाये, मास्तर. अंगाले तिच्या बरोबरीनं याव लागते."

लहान झालेल्या चपला ते कचेरीतल्या शिपायाला देत. सोबत बढतीचा आशीर्वादही.

त्यांची भाषा जमिनीची. निजामाच्या काळापासून इथल्या कचेरीत कोरडवाहू जमिनीला खुश्की म्हणतात आणि पाण्याखालच्या जमिनीला तरी. पुंडलिकरावांनी ही वर्गवारी माणसांनाही लागू केली होती. त्यांचा रडका साडू तरी. मी खुश्की, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे.

त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, उजवा हात लकव्याने गेलेला. बोलणं कमी. पण यांना नागपूरला दाखवायचं हे त्यांनीच ठरवलं, आणि गिरदावर एकट्या त्यांच्याने हलणार नाहीत म्हणून मलाही गाडीत बसवलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुंडलिकरावांचा जुना फोटो चेहऱ्याशेजारी धरून पाहिला, तपासण्या केल्या आणि समजावलं: मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली आहे. त्यामुळे वाढीचं संप्रेरक जादा सुटतं. ते मूत्रपिंडांना मीठ सोडू देत नाही, आणि मीठ थांबलं की पाणी थांबतं. म्हणून अंगातलं रक्तच वाढलंय, ब्लडप्रेशर चढलंय, बोटं फुगलीत, हृदय जादा ओझं ओढतंय.

पुंडलिकरावांनी मान डोलावली. "म्हणजे खुश्की होती. आता तरी."

डॉक्टर पेन धरून थांबले. "आता तरी... काय?"

"आता तरी," पुंडलिकरावांनी ठामपणे सांगितलं.

"आता तरी ऑपरेशन करून घ्या," डॉक्टरांनी वाक्य स्वतःच पुरं केलं.

नाकातून गाठ काढतात हे कळल्यावर पुंडलिकराव बिथरले. "चढलेलं पाणी कोणी उतरवते काय? तरीवाल्याले गावात मान असते. मी नाही करत."

"डागदर साहेब, बोटाचं विचारा," वहिनी मागून म्हणाल्या. "यायची बोटं बधिर होतात. माझी वेणी होऊन नाही राह्यली."

इतकी वर्षं शेजारी राहून वहिनींची वेणी कोण घालतं, हा प्रश्न मला पडला नव्हता. तहसिलीत लोकांना ताटकळत ठेवणारे गिरदावर रोज सकाळी दार लावून फणी घेऊन बसत होते. आता ते छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"केस कापून टाकतो म्हटलं मी," वहिनी म्हणाल्या, "तर जेवले नाही."

"हात पाण्याने सुजलेत, त्यात मनगटाशी नस दबलीये," डॉक्टर म्हणाले. "वाढलेलं हाड मागे येत नाही. नाक, जबडा असाच राहील. पाणी मात्र लवकर ओसरतं. बोटं बहुधा सुधारतील."

"नाक राहू द्या," पुंडलिकराव म्हणाले. "बोटाचं करा."

ऑपरेशन झालं. पुढचे काही दिवस पुंडलिकराव सारखे लघवीला उठत आणि दवाखान्यातून मला फोन करून हाल सांगत. "तळ्याचा बांध फुटला, मास्तर." घरी आले तेव्हा अंगठ्या सैल झाल्या होत्या. चप्पल अकराचीच राहिली.

परवा सकाळी मी पेपर मागायला गेलो, तर दार उघडंच. वहिनी पाटावर, मागे पुंडलिकराव, दातांत रिबन. मला पाहून त्यांनी हात थांबवले नाहीत, नुसत्या डोळ्यांनी खुर्ची दाखवली. शेवटचा पेड ओढून बसवला, गाठ मारली आणि ते मागे सरून बघत राहिले. वेणी डाव्या खांद्याकडे निघाली होती.

ते चहा सांगायला आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "वहिनी, बोटं अजून पुरती सुधारली नाहीत वाटतं."

"बोटं चांगली झाली," वहिनी म्हणाल्या. "वेणी यायले पयलेपासूनच येत नाही."