लेट हाजी मस्तूर

"पाकिटावर सगळं इंग्रजीत छापायचं," जेवता जेवता हाजी मस्तूर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाच्या बाई माल बघायला येतायत. मजकूर जावईबापू लिहितील."

'जावईबापू' ऐकून वार्सिदचा घास हातातच राहिला. लग्नानंतर तो चिरेबोनला सासऱ्याकडे राहायला आला, तेव्हापासून हाजींनी त्याला 'अरे', 'ए' आणि 'कुठे उलथला' याखेरीज कशानेही हाक मारली नव्हती. हाजींचा धंदा तेरासीचा. जवळा मिठात आंबवायचा, उन्हात वाळवायचा, कुटून त्याच्या वड्या पाडायच्या आणि जावापासून सुमात्रापर्यंत प्रत्येक चुलीवर पोचवायच्या. या साम्राज्यात वार्सिदकडे एकच खातं होतं. वाळवणावरची मांजरं हाकलायची.

पण गेले काही महिने तो टायरच्या दुकानावरच्या माडीत मिस्टर दार्मिनच्या वर्गाला जात होता. वर्गाचं नाव 'भक्कम इंग्रजी शब्दसंपत्ती'. मिस्टर दार्मिन व्याकरण शिकवत नसत. व्याकरण नोकरांसाठी असतं, मालकांना शब्द लागतात, असं त्यांचं मत होतं. त्यांचे नियम दोन. शब्दकोशातला पहिला शब्द कधी घ्यायचा नाही, तो सगळेच घेतात. आणि शब्द जितका लांब, तितका मान मोठा. शब्द एबीसीडीच्या क्रमाने शिकवले जात. वर्ग अजून 'बी'वर होता. तरी वार्सिद एव्हाना भाताला 'अमेझिंग' आणि सासूबाईंच्या कालवणाला 'बार्बेरिक' म्हणू लागला होता, आणि सासूबाई खूश होऊन त्याला आणखी एक पळी वाढत होत्या.

त्या रात्री वार्सिद शब्दकोश घेऊन बसला. 'आंबवलेला' याला पहिला शब्द निघाला 'फर्मेंटेड'. पहिला, म्हणून बाद. बोट खाली खाली नेत तो 'रॉटन'वर थांबला. सुवासासाठी 'स्मेल' होता. तो सोडून त्याने 'स्टेंच' उचलला. राहिलं सासऱ्याचं नाव. नुसतं 'हाजी मस्तूर' कसं लिहिणार? वार्सिदने इंग्रजी वर्तमानपत्रात पाहिलं होतं: मोठमोठे सेनापती, राष्ट्राध्यक्ष, नामवंत गवई, सगळ्यांच्या नावाआधी 'लेट' लावलेलं असे. ही माणसं उशिरा पोचतात म्हणून नव्हे, तर थोर असतात म्हणून, हे त्याने स्वतःच्या अकलेने ताडलं.

पाकीट छापून आलं. 'रॉटन श्रिंप. मायटी स्टेंच. मेड बाय द लेट हाजी मस्तूर.'

"हे लेट काय?" हाजींनी विचारलं.

"पदवी आहे आबा. राष्ट्राध्यक्षांना लावतात."

"जिवंतपणीच?" वार्सिदच्या बायकोने, तार्सिनीने, विचारलं. तिच्या मते मोठे मान माणसाला गेल्यावरच मिळतात. पण हाजींनी तिला गप्प केलं. "लायकी असली की मिळते," ते म्हणाले, आणि नमुन्याची पाकिटं जाकार्ताच्या सगळ्या घाऊक व्यापाऱ्यांना आणि ऑस्ट्रेलियाच्या बाईंना लगेच रवाना केली.

चार दिवसांनी दारात टेम्पो थांबला. त्यातून दोघा माणसांनी एक भलामोठा फुलांचा फलक उतरवला. लग्नात, दुकानाच्या उद्घाटनात लावतात तसा, दारापेक्षा उंच. जाकार्ताच्या सुबूर शेठनी पाठवला होता. सुबूर शेठनाही इंग्रजीची हौस असल्यामुळे फुलांमध्ये लिहिलं होतं 'डीपेस्ट कंडोलन्सेस'.

"काय म्हणतो सुबूर?" हाजींनी विचारलं.

हा 'सी'चा शब्द होता, वर्ग तिथवर पोचला नव्हता. पण वार्सिद डगमगला नाही. लग्नाच्या फलकांवर 'काँग्रॅच्युलेशन्स' असतं. सुरुवात तशीच, शेवट तसाच. मधला फरक मोठ्या माणसांसाठी असणार.

"अभिनंदन करतायत आबा. साधं नाही. खोल अभिनंदन."

"बघ, बघ," हाजी बायकोला म्हणाले, "इतकी वर्षं माझ्याशी भावावरून भांडणारा माणूस! पाकीट बघून वाकला." फलक फाटकाशी उभा करवून, नवा बाटिक शर्ट घालून हाजींनी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला, आणि तो सुबूर शेठना पाठवायला सांगितलं. सुबूर शेठ त्यानंतर दोन दिवस अंथरुणाला खिळले होते म्हणे.

ऑस्ट्रेलियाच्या मिसेस हेडली आल्या त्या थेट फलकासमोर. त्यांनी काळा चष्मा काढला, क्षणभर मान खाली घातली. वार्सिदने धावत जाऊन त्यांना ओसरीवर खुर्चीत बसवलं. हाजींना त्याने आत बसवून ठेवलं होतं. मोठी माणसं शेवटी बाहेर येतात.

"फार वाईट वाटलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

त्या 'सॉरी' म्हणाल्या होत्या, तेव्हा उशीर झाल्याबद्दल असणार, असं वार्सिदने धरलं. "छे छे! आम्ही सगळे फार आनंदात आहोत. पुष्कळ दिवस वाट बघत होतो."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "पण हे... हे झालं तरी कसं?"

हा प्रश्न मालाबद्दलच असणार. वार्सिदने उत्तर पाठ केलं होतं. एवढंच, की त्याच्या मायबोलीत माणसाला आणि वस्तूला सर्वनाम एकच, आणि इंग्रजीतलं त्याला 'हिम' तेवढं येत होतं.

"आधी आम्ही त्याला मिठात घातला. मग अंगणात उन्हात पसरला. मग मुसळाने कुटला."

"कुटला?"

"बारीक! आमच्या सासूबाई स्वतः कुटतात. त्यांना दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही."

तेवढ्यात सासूबाईच केळ्याची भजी घेऊन आल्या आणि बाईंकडे बघून गोड हसल्या. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"मग फडक्यात गुंडाळून ठेवतो, घमघमाट सुटेपर्यंत. घ्या ना भजी! तुम्ही म्हणाल तर त्याला तुमच्याकडे बोटीने पाठवू. किलो-किलोचा."

बाईंनी पर्स छातीशी धरली आणि फाटकापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. वार्सिदला वाटलं, मनावर परिणाम झाला. आता शेवटचा ठोका. त्याने पडदा बाजूला सारला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "अँड नाऊ, द लेट हाजी मस्तूर!"

काळी टोपी, नवा शर्ट, अत्तराचा दरवळ. हाजी हात पुढे करत बाहेर आले. बाई किंचाळल्या. बशी फुटली. हाजीही दचकून किंचाळले, कारण त्यांच्या स्वागताला आजवर कोणी किंचाळलं नव्हतं.

बराच वेळ बाई हाजींकडे, मग फलकाकडे, मग पाकिटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मोबाइल काढून पाकिटासमोर धरला. मोबाइलमधल्या बाईने घरच्यांच्या भाषेत स्वच्छ वाचून दाखवलं, "कुजकी कोळंबी. प्रचंड दुर्गंधी. कर्ते, पैगंबरवासी हाजी मस्तूर."

अंगणातली मांजरंसुद्धा थांबली.

"वार्सिद," हाजी खोल आवाजात म्हणाले, "फलक?"

मोबाइल फलकाकडे वळला. "तीव्र शोक."

"आणि मी," हाजी म्हणाले, "कमरेवर हात ठेवून फोटो काढला." ते हळूच खाली बसले. तार्सिनीने वार्सिदला कोपराने ढोसलं, "अहो, पाया पडा, नाहीतर पळा. काहीतरी एक करा!"

वार्सिद पाया पडायला वाकणार, इतक्यात मिसेस हेडली हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मोबाइलमार्फत त्यांनी सांगितलं: आंबवलेला जवळा त्यांच्या गावात दहा दुकानांत मिळतो, पण 'कुजका' म्हणून छाती ठोकून विकणारा कोणी नाही. गिऱ्हाईक आधी हसेल, मग घेईल. त्यातून कर्ता पुरुष वारलेला असला की मालाला वजन येतं. दर महिन्याला एक कंटेनर. अट एकच, पाकिटावरचं एक अक्षरही बदलायचं नाही.

"म्हणजे मी मेलेलाच राहायचं?" हाजी उसळले.

"कंटेनर म्हणाल्या त्या," सासूबाई म्हणाल्या. "जिवंतपणी तुम्हाला कोणी दिला होता का कधी? निदान असे तरी कामाला या."

हाजींनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "लेट तर लेट," ते पुटपुटले.

त्याला आता वर्ष होत आलं. पाकीट चांगलंच गाजलं, आणि बाहेरदेशाचे व्यापारी अधूनमधून कारखाना बघायला येतात. ते आले की ओसरीवरच्या मोठ्या खुर्चीत वार्सिद बसतो, सासऱ्यांची आठवण काढून डोळे टिपतो आणि पाहुण्यांना 'कंडोलन्सेस'बद्दल 'थँक यू' म्हणतो. मांजरं हाकलायला आता माणूस ठेवला आहे.

परवा असेच कोरियाचे दोघे आले होते. चहा बराच लांबला. मागच्या स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं आणि फटीतून दबका आवाज आला, "जावईबापू... गेले का ते? मी जिवंत होऊ?"

वार्सिदने पाहुण्यांकडे बघून नम्रपणे हसत, पाठीमागे हात नेऊन दार लावून घेतलं.