मोरवडच्या चोरीला गेलेल्या तारखा

कोणीतरी मोरवड तालुका न्यायालयाच्या पुढच्या सगळ्या तारखा चोरून नेल्या होत्या. सकाळी शिरस्तेदार उपासनींनी लोखंडी कपाट उघडलं, तर खण रिकामे. आजची तेवढी वाचली, कारण ती आदल्या संध्याकाळीच न्यायाधीशांच्या टेबलावर काढून ठेवली होती.

पोलिसांनी पंचनामा केला. कुलूप शाबूत, तारखा नाहीत. उपासनींनी फिर्याद दिली आणि कामकाज सुरू झालं.

अ‍ॅडव्होकेट हर्षाली तायडेला हे जिन्यात कळलं. उरलेल्या पायऱ्या ती पळतच चढली. तिचा अशील झुलाल भोई विहिरीवरची मोटार चोरल्याच्या आरोपाखाली जामिनावर होता. जिल्हा सोडायचा नाही, ही जामिनाची अट. सुरतेला त्याच्या मुलीला मुलगा झाला, तो रांगला, चालला, शाळेत जाऊ लागला. झुलालने नातवाला फोनवरच पाहिलं होतं. परवानगीच्या अर्जालाही दरवेळी तारीखच मिळायची. या गोष्टीचा हर्षालीला इतका संताप यायचा, की तिला घास गिळवत नसे.

"साहेब, तपासी अंमलदार गैरहजर आहेत. पुढची तारीख मिळावी," सरकारी वकील सवयीने म्हणाले.

"कुठून देऊ?" न्यायाधीशांनी विचारलं.

उपासनींनी कपाटाकडे हात केला.

"मग बोलवा अंमलदारांना," हर्षाली म्हणाली. "मोटारही आणा. आजची शिल्लक आहे ना?"

आजची शिल्लक होती. अंमलदार जेवणावरून उठून आले. मुद्देमालाच्या खोलीतून मोटार आणली, तिच्यात चिमणीने घरटं केलं होतं. फिर्यादी हिरामण बोरसे चष्मा पुसून वाकला.

"ही माझी नाही. झुलालचीच आहे."

"नीट बघा," सरकारी वकील म्हणाले.

"काय बघू? माझी मोटार माझ्याच भावाने सासरवाडीला नेली होती. पहिल्यांदा आलो तेव्हाच सांगणार होतो, साहेब. पण तोंड उघडायच्या आधी पुढची तारीख मिळाली. मग मिळतच गेली."

झुलाल निर्दोष सुटला. त्यामागून शेळ्यांची चोरी, डिझेलची चोरी, देवळातल्या घंटेची चोरी, एकेक निकाल लागत गेला. दोषी ठरलेलेही खुशीत तुरुंगाकडे निघाले. निदान कुठेतरी जाता येत होतं.

शेवटी एकच प्रकरण उरलं, तारखांच्या चोरीचं.

"आरोपी कोण?"

"मी, साहेब," मागच्या बाकावरून झुलाल उठला.

"काका, खाली बसा!" हर्षाली ओरडली.

"मोटार नव्हती नेली ताई, तर नाही म्हटलं. तारखा नेल्यात. नदीत सोडल्या."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "वकीलबाई, बचाव?"

तयारीला वेळ मिळावा, हे वाक्य हर्षालीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"साहेब, चोरीच्या गुन्ह्यात मालकाला तडजोड करता येते, न्यायालयाच्या परवानगीने. मालकाला विचारा, माल परत हवाय का."

"म्हणजे मालक आम्हीच आणि परवानगी देणारेही आम्हीच," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी फिर्यादीकडे वळून विचारलं, "उपासनी?"

उपासनींनी व्हरांड्यात पाहिलं. तिथे माणूस नव्हता. बाकांवर ऊन पडलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"नकोत, साहेब," ते म्हणाले. "कपाट असंच बरं दिसतंय."

"तडजोड मंजूर."

हर्षालीने झुलालला स्कूटीवर मागे बसवलं आणि भर बाजारातून हॉर्न वाजवत स्टँडवर आणलं. सुरतेची गाडी निघालीच होती. ती सरळ गाडीसमोर आडवी गेली. ड्रायव्हरने दोघांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि दार उघडलं.

"सुरत एक," झुलाल धापा टाकत म्हणाला. "पोचेल ना हो?"

कंडक्टरने त्याला खालीवर न्याहाळलं. "कोर्टातून आलात ना काका? मग आजच पोचणार."