डोमाजीचा पक्का डाख

"जोड कोणाचा? डोमाजीचा! भांडं झिजन, पण जोड नाही सुटणार!" दिग्रसच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा आणि फुटकं भांडंही जोडून देणारा डोमाजी हे इतक्यांदा म्हणायचा, की शेवटी त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. नवी वस्तू कोणी घेत नव्हतं, जुनीच जोडून वापरत होतं. त्यामुळे डोमाजीची चलती! अशातच घरच्या तांब्याच्या बंबाला, नेमकं आतल्या जाळाच्या नळीला, भोक पडलं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या लेकीचा, नलूचा, सासरा पहिल्यांदा मुक्कामी येणार! व्याह्यांना गार पाण्यानं आंघोळ घातली असती, तर पोरीला सासरी वर्षभर ऐकावं लागलं असतं.

"तांबटाकडे न्या," बायको जमनी म्हणाली.

"काहून? मी मेलो काय?"

त्यानं तांबं घासून लखलखीत केलं, जोड धरावा म्हणून नवसागर लावला आणि भोकावर डाख दिला. डाख म्हणजे कथील आणि शिशाचं मिश्रण. तांबं, पितळ, तार, सगळं घट्ट धरतं; पण थोड्या आचेनं वितळतंही. हे डोमाजीला पक्कं ठाऊक होतं!

"नळीभोवती पाणी असलं की जाळ काही करत नाही," त्यानं जमनीला बजावलं. "एक बादली काढली, की एक ओतायची."

मुक्कामाला आलेले व्याही, वणीचे किसनराव, सकाळी न्हाणीत शिरले. पहिली बादली काढून, घरच्या सवयीनं, त्यांनी न्हाणीच्या दाराशी ठेवलेल्या बंबात गार पाणी ओतायला घेतलं. जमनी धावली. "राहू द्या जी! पाव्हण्यानं पाणी भरावं काय? हे भरतीन!"

जमनीची पाठ वळली तसा डोमाजी आला. "ठेवा व्याही, जमनी भरते!"

मग जमनी निर्धास्त पोहे करायला गेली आणि डोमाजी निर्धास्त पेपर वाचायला. वणीच्या कोळशाच्या धुळीतला माणूस, त्यानं मजेत तीन बादल्या अंगावर घेतल्या आणि चौथ्यांदा डोक्याला साबण चोळला.

"व्याही, पाणी सरलं!"

दोघंही धावले, एकमेकांवर आदळले आणि दोघांनीही आपापली बादली बंबात रिकामी केली. आतला डाख केव्हाच वितळून राखेत गेला होता. पाणी थेट जाळावर! सुंऽऽऽ करून वाफेचा लोट उठला आणि काळा राडा सरळ न्हाणीत शिरला.

किसनराव पंचा गुंडाळून बाहेर आले. डोक्यावर फेस, पायाला काळे मोजे! त्यांनी बंबात वाकून पाहिलं.

"डाख कोनं देल्ला हो?"

डोमाजी लगबगीनं राख सारू लागला. "आहे... एक बाजारातला."

"त्याले परत हात नका लावू देऊ! आमच्याही बंबाले असंच भोक पडलं. परवा यष्टीनं पाठवतो. डाख तुमी सोता द्या!"

खरं सांगून टाकावं, असं डोमाजीला फार वाटलं. पण व्याही डोळ्यांत साबण जात असतानाही इतक्या विश्वासानं पाहत होते, की त्यानं मान डोलावली.

दुपारी डोमाजी मागच्या गल्लीनं तांबटाकडे गेला. शिकायला!