संस्थेचा संगणक नवा ठेवण्याबाबत

वस्तू वापरली की जुनी होते, हे सत्य ज्या समाजाला वेळेवर कळले त्याचीच प्रगती झाली. आपल्याकडे टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत आयुष्य काढतो, सोफा पाहुण्यांची वाट बघत चादरीखाली म्हातारा होतो, आणि गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिक गाडी विकताना नव्या मालकाच्या स्वाधीन केले जाते. कामोठ्याच्या अष्टगंध सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सहसचिव या नात्याने मला सांगायला आनंद वाटतो की, ही परंपरा आमच्या संस्थेने संगणकाच्या क्षेत्रातही नेली.

संगणक दोन वर्षांपूर्वी आला. नारळ फुटला, डब्याला (जाणकार त्याला सीपीयू म्हणतात) हळदकुंकू लागले आणि अध्यक्ष धर्मराज साळुंखे यांनी पहिला आदेश दिला, "प्लॅस्टिक कोणी काढायचं नाय." साळुंखेसाहेब एका सरकारी भांडारातून निवृत्त झालेत. बत्तीस वर्षांत त्यांच्या ताब्यातली एकही वस्तू खराब झाली नाही, कारण एकही वस्तू कोणाला मिळाली नाही.

त्या प्लॅस्टिकवर त्यांच्या पत्नी स्मितावहिनींनी जाड पारदर्शक कव्हर शिवून घातले, जेवणाच्या टेबलावर अंथरतात तसल्या प्लॅस्टिकचे. कडेने जांभळी लेस, खाली इलॅस्टिक, आणि बटण दाबण्यासाठी बोटभर भोक. मागच्या पंख्याच्या जाळीतून धूळ आत शिरते असे लक्षात आल्यावर जाळीवर सेलोटेप लावण्यात आली (दोन थर, पावसाळ्यात तीन). मग डबा टेबलाखालच्या कपाटात ठेवून दार ओढून घेतले. वार्षिक सभेने कव्हर साभार स्वीकारले. आजही आतला डबा कालच खोक्यातून काढल्यासारखा दिसतो. फक्त तो अकरा मिनिटांत बंद पडतो.

अकरा ही सरासरी आहे. सकाळी चौदा, दुपारी नऊ, आणि मे महिन्यात एकदा साडेसहा. थंडीत आकडे सुधारतात, म्हणून सगळी कामे डिसेंबरवर ढकलावीत अशी सूचना एका सदस्याने केली होती व तिचे स्वागत झाले होते.

संस्थेचा रहिवासी दाखला सत्तावीस ओळींचा असतो. त्यातल्या नऊ ओळी संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक व ब्रीदवाक्य यांच्या असतात, आणि रहिवाशाला दीड ओळ मिळते. आमचे मॅनेजर सुभाष हे एका बोटाने टाइप करतात. त्या बोटाने आजवर एकही चूक केलेली नाही, पण त्याला सत्तावीस ओळींसाठी सोळा मिनिटे लागतात. जाणकार म्हणतील, मधेच सेव्ह करा. ते चालत नाही. अर्धवट दाखल्याचा गैरवापर होऊ शकतो, सबब फक्त पूर्ण झालेलाच दाखला साठवावा, असा ठराव आहे. आणि पूर्ण झालेला दाखला गोपनीयतेसाठी लगेच पुसावा, असाही ठराव आहे. हाताने लिहून देण्याची गावंढळ पद्धत तर संगणक आला त्याच दिवशी बंद झाली.

दोषाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच जणांची तांत्रिक उपसमिती नेमली. तिने काहीही शिल्लक ठेवले नाही. आधी व्हायरस शोधला. शोधाला चाळीस मिनिटे लागतात, त्यामुळे 'पहिल्या अकरा मिनिटांत व्हायरस आढळला नाही' असा अहवाल अकरा वेळा सादर झाला. मग टेबलाचे तोंड दक्षिणेकडून पूर्वेकडे केले. मग पंख्याच्या बाजूला लिंबू-मिरची बांधली (सेलोटेपवर सेलोटेप चांगली बसते). सातशे दोनमधले ऋषी महाप्याला मोठ्या कंपनीत संगणकाचेच काम करतात, म्हणून त्यांचे मत लिफ्टमध्ये घेण्यात आले. "रीस्टार्ट करून बघा ना," असे ते सातव्या मजल्यापर्यंत म्हणाले. संगणक दिवसाला चाळीस वेळा रीस्टार्ट होतच असल्याने, आपला मार्ग बरोबर आहे याचे समितीला समाधान वाटले.

शेवटी दुरुस्तीवाला अभिराम डबा दुकानात घेऊन गेला. जाताना कव्हर आम्ही काढून ठेवले, कारण दुकानात ते मळले असते. दुकानात संगणक सलग नऊ तास चालला. अभिरामने परत आणून दिला, आम्ही कव्हर चढवले, सेलोटेप लावली, दार लावले, आणि अकरा मिनिटांनी तो बंद पडला. असे तीन वेळा झाले. तिसऱ्यांदा उपसमितीने निष्कर्ष काढला: यंत्र निर्दोष आहे, त्याला आपल्या संस्थेचे वातावरण मानवत नाही.

तपास या उंचीवर पोहोचलेला असताना, एका सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बुशरा पारकर ऑफिसात आल्या. त्या खारघरच्या एका इस्पितळात नर्स. नवरा ताजुद्दीन बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. मुलगी मिस्बा, हिला यंदा पहिलीत घालायचे होते. मागच्या गल्लीतल्या शाळेत जागा होती, पण जवळ राहत असल्याचा संस्थेचा दाखला हवा होता, पुढच्या सोमवारी बाराच्या आत. त्या शाळेत शेजारच्या शेवंताबाई मुलीला हात धरून सोडू शकत होत्या. ती हुकली की कळंबोलीची शाळा, मधे हायवे. बुशराची ड्युटी सकाळी सातची.

सोमवारी दाखला अठराव्या ओळीपर्यंत पोहोचला. मंगळवारी सतराव्या. बुधवारी बुशरा खाली वाकल्या, कपाटाचे दार उघडले आणि डब्यावर हात ठेवला.

"काका, हात लावून बघा, चटका बसतोय," त्या साळुंखेसाहेबांना म्हणाल्या. "याला हवाच नाय मिळत. आमच्या वॉर्डात मशीन असं गुंडाळलं ना, तर आमाला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

"पोरी, तू नर्स हायस," साळुंखेसाहेब मायेने म्हणाले. "हे वेगळं खातं."

सदर सूचना तांत्रिक स्वरूपाची असून सूचक तांत्रिक उपसमितीच्या सदस्य नसल्याने तिची नोंद घेण्यात आली नाही. मला मात्र त्या दिवशी, खरे सांगतो, वाईट वाटले. वाईट वाटल्याची नोंद इतिवृत्तात घेण्याची सोय नाही, म्हणून ती इथे घेतो.

गुरुवारी सोळावी ओळ. शुक्रवारी बुशरा रजा टाकून आल्या. सुभाषना म्हणाल्या, "दादा, तुमी फक्त टाइप करा," आणि जमिनीवर बसून त्यांनी कव्हर ओढून काढले. मग आतले प्लॅस्टिक. मग नखाने सेलोटेप, लिंबासकट. आतला पंखा आमच्या ऑफिसात दोन वर्षांत पहिल्यांदाच मोकळा झाला आणि घरघरू लागला. सुभाषचे बोट अठरा ओलांडून गेले, वीस, पंचवीस. सोळाव्या मिनिटाला दाखला पूर्ण झाला, सतराव्या मिनिटाला छापून बाहेर आला. बुशराने तो दोन्ही हातांनी धरला आणि त्या हसल्या. मीही हसलो. तेवढ्यात साळुंखेसाहेब आले.

त्यांनी कागद तीनदा वाचला. चूक सापडली नाही, याचे त्यांना दुःख झालेले दिसले.

"कागद बरोबर हाय," ते म्हणाले. "पण निघाला कसा? सभेनं स्वीकारलेलं कव्हर तू परवानगीशिवाय काढलंस. आता यावर मी सही केली तर उद्या कोणीबी येईल आणि कायबी काढील."

"काका, सोमवारी बारापर्यंतच आहे."

"मग रविवारी वार्षिक सभा हायच की. हा दाखला ग्राह्य धरावा, असा ठराव मांड. सूचक तू, अनुमोदक कोणीबी एक सभासद. त्या क्षणी सही करतो. मी काय वैरी हाय का?"

ते वैरी नाहीत. त्यांनी आपला पेन खिशातून काढून बुशराला दाखवला, शाई भरलेली होती.

रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये सभा भरली. चौसष्टपैकी एकसष्ट सभासदांनी हजेरीपटावर सह्या केल्या. पंचाण्णव टक्के उपस्थिती पाहून साळुंखेसाहेबांनी हजेरीपटाला नमस्कार केला. सहीच्या टेबलालगतच समोसा, वेफर्स आणि पेढा यांचे पाकीट मिळत होते. ही व्यवस्था मीच केली आहे, कारण त्यामुळे सभासदांचा वेळ वाचतो. बुशराचा विषय शेवटचा, 'ऐनवेळच्या विषयां'त, म्हणजे पावणेबाराला आला. त्या उभ्या राहिल्या, कागद वर धरला आणि ठराव नीट मांडला.

"अनुमोदक?" साळुंखेसाहेबांनी विचारले. त्यांनी पेनाचे टोपणही काढले होते.

त्या वेळी पार्किंगमध्ये नऊ माणसे होती. आम्ही सात पदाधिकारी, सुभाष आणि बुशरा. सुभाष पगारी नोकर, सभासद नव्हेत. पदाधिकाऱ्यांनी अनुमोदन देऊ नये असा संकेत आहे. मी संकेत पाळणारा माणूस आहे. खुर्चीखाली दोन्ही हात घट्ट धरून मी तो पाळला. साळुंखेसाहेबांनी तीन वेळा विचारले, घड्याळ पाहून पुरेसा वेळ दिला आणि टोपण लावले. अनुमोदकाअभावी ठराव बारगळला. बुशराने कागदाची घडी केली, खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली आणि जिन्याने वर गेल्या.

मिस्बा आता कळंबोलीला जाते. हायवे ओलांडायचा असल्याने बुशराच तिला नेतात आणि आणतात. नोकरी त्यांनी जूनमध्ये सोडली.

आता काही सुजाण लोक, हे वाचून झाल्यावर, साळुंखेसाहेबांना नावे ठेवतील. तुम्हीही ठेवाल. अवश्य ठेवा, पण हजेरीपट माझ्या ताब्यात आहे आणि त्यात तुमची सही एकोणिसावी आहे. अक्षर सुरेख आहे. पाकीट घेताना सुभाषने तुम्हाला सांगितलेही होते, जरा थांबा, तिसऱ्या मजल्यावरच्या पारकरताई काही मांडणार आहेत, एक माणूस लागेल. तुम्ही लिफ्टचे बटण दाबत म्हणालात, "सगळ्यांचं जे असेल, तेच माझं धरा."

तसेच धरले आहे.